वितळलेल्या क्षारातून टंगस्टन कार्बाइड : पूर्व विदर्भातल्या एका महाविद्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. रसायनशास्त्र विभागात एम.एस्सी. आहे, मुलं बहुतेक धान आणि कापूस पिकवणाऱ्या घरांतली. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. रसायन मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण पुढच्या गटाला उपयोग त्याचाच आहे. माझा या कामाशी संबंध बाहेरचा सल्लागार म्हणून आला.

सुरुवात एका विद्यार्थ्याच्या घरच्या धंद्यातून झाली. त्याच्या काकांचं बोअरवेलच्या गाड्यांचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि तिथे झिजलेल्या बिटांचा ढीग पडलेला असतो. बिटाच्या तोंडावरची गोल बटणं टंगस्टन कार्बाइडची, म्हणजे टंगस्टन धातू आणि कार्बन यांच्या अतिशय कठीण संयुगाची असतात, कोबाल्टने बांधलेली. बेसॉल्ट असो की ग्रॅनाइट, खडक फोडतात ती हीच बटणं. त्या मुलाने वर्गात विचारलं, "सर, हे आपल्या लॅबमधी बनवता येते का?"

प्रश्नाला स्थानिक धारही होती. नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या भागात, साकोली पट्ट्याच्या खडकांत टंगस्टनची खनिजं आहेत हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फार पूर्वी नोंदवलं आहे. देशाला लागणारा टंगस्टन मात्र आयात होतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी काढली, त्यात टंगस्टन आहे. जगातलं बहुतांश टंगस्टन उत्पादन ज्या चीनमध्ये होतं, त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. आपल्या पायाखालच्या खडकात असलेल्या धातूबद्दल गावातल्या मुलाला कुतूहल वाटावं आणि विभागाने ते गंभीरपणे घ्यावं, ही मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

प्रश्न

टंगस्टन वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला. कारखान्यात टंगस्टन ऑक्साइडचं हायड्रोजनने क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेऊन, धातूची पूड करतात आणि मग ती कार्बनबरोबर साधारण १४०० अंशांच्या वर तापवून कार्बाइड बनवतात. गरम भट्टीत हायड्रोजन सोडणं या विभागाच्या आवाक्याबाहेरचं होतं आणि तसलं तापमानही. पाण्याच्या द्रावणातून टंगस्टनचा मुलामा चढवायला जावं तर कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर) आधी हायड्रोजनच सुटतो. लोह, निकेल किंवा कोबाल्टच्या सोबतीने मिश्रधातू म्हणून तो बसतो, एकटा नाही.

उरतो तिसरा मार्ग, वितळलेल्या क्षारांचं विद्युतविश्लेषण, म्हणजे त्यांच्यातून वीज सोडून हवा तो पदार्थ इलेक्ट्रोडवर सुटा करणं. यात द्रावक म्हणून वितळलेला क्षारच असतो, पाणी नसतंच, त्यामुळे हायड्रोजन सुटायचा प्रश्न मिटतो आणि ८५०-९०० अंशांत काम होतं. फ्रान्समध्ये आंद्रिए यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या मार्गाने बोराइडं आणि कार्बाइडं बनवली. पुढे कीव्हच्या रसायनशास्त्रज्ञांनी टंगस्टेट (टंगस्टन आणि ऑक्सिजन असलेले क्षार) आणि कार्बोनेटच्या मिश्रणावर बारकाईने काम केलं. आपल्याकडे कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत वितळलेल्या क्षारांतून बोराइडं बनवण्याचं काम झालेलं आहे.

कल्पना अशी : वितळलेल्या सोडिअम टंगस्टेटमध्ये थोडं लिथिअम कार्बोनेट टाकायचं. कॅथोडवर टंगस्टेट आयन ६ इलेक्ट्रॉन घेऊन टंगस्टन देतो, कार्बोनेट आयन ४ इलेक्ट्रॉन घेऊन कार्बन देतो, आणि दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी सुटले की तिथेच कार्बाइड जुळतं. एका रेणूमागे १० इलेक्ट्रॉन. फॅरडेच्या नियमाने (जितकी वीज वाहते त्या प्रमाणात पदार्थ सुटतो) हिशोब केला तर १ अँपिअर-तासाला जास्तीत जास्त ०.७३ ग्रॅम टंगस्टन कार्बाइड मिळेल. १ अँपिअरवर ३ तास चालवलं तर २.२ ग्रॅम. व्यापारासाठी हे काहीच नाही, पण एम.एस्सी.च्या प्रकल्पाला भरपूर आहे.

तोललेले पर्याय

पहिली बैठक क्षार कोणता घ्यायचा यावर झाली आणि ती लांबली, ते योग्यच होतं.

फ्लोराइडचा पर्याय पुस्तकात सर्वांत देखणा दिसतो. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम यांच्या फ्लोराइडांचं ठरावीक मिश्रण ४५४ अंशांनाच वितळतं आणि टँटलम, नायोबिअमसारख्या धातूंचे घट्ट, सलग थर त्यातून मिळतात. पण त्याला ओलाव्याचा स्पर्श झाला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातो. आर्गनने भरलेली बंद पेटी नाही, विभागात कॅल्शिअम ग्लुकोनेटचं मलम नाही, आणि भाजलेल्याला न्यायचं तर जिल्ह्याचं ठिकाण दूर. विभागप्रमुख मॅडमनी हा पर्याय एका वाक्यात बंद केला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच होता.

क्लोराइड स्वस्त. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं, पोटॅशिअम क्लोराइडबरोबर समसमान मिसळलं तर साधारण ६६० च्या आसपास. पण अॅनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) क्लोरीन सुटायची शक्यता, आणि विभागातला धूर ओढणारा पंखा ज्या अवस्थेत होता ती पाहता हेही नाही.

टंगस्टेट-कार्बोनेट उघड्या हवेत चालतं, अॅनोडवर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि क्षार पाण्याने धुऊन निघतो. सोडिअम टंगस्टेट ६९८ अंशांना वितळतं. हाच मार्ग ठरला. कार्बोनेट लिथिअमचंच का, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने काढला, कारण लिथिअम कार्बोनेट महाग आणि धुण्याचा सोडा स्वस्त. उत्तर असं की सोडिअम किंवा पोटॅशिअम कार्बोनेटात कार्बनच्या आधी किंवा बरोबरीने खुद्द सोडिअम-पोटॅशिअम धातू सुटायची भीती असते. लिथिअम कार्बोनेटात कार्बन आधी सुटतो. शिवाय लिथिअमचे छोटे आयन टंगस्टेटला क्षपणासाठी तयार करतात. खर्चही वाटतो तितका नाही. मोलच्या, म्हणजे कणांच्या संख्येच्या, हिशोबाने १० टक्के कार्बोनेट म्हणजे वजनाने जेमतेम पावणेतीन टक्के.

चौथा पर्याय बैठकीत आला आणि मागे पडला : कार्बोनेट अजिबात न घेता सोडिअम टंगस्टेटमध्ये टंगस्टन ऑक्साइड मिसळून टंगस्टन ब्राँझ बनवायचा. नाव ब्राँझ असलं तरी त्यात तांबं नाही. टंगस्टन ऑक्साइडच्या जाळीत सोडिअम शिरलेला असतो. १८२० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी तो प्रथम बनवला. याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

कच्चा माल बिटांच्या बटणांपासून काढावा, असा विद्यार्थ्याचा आग्रह होता. बटणं वितळलेल्या नायट्रेटमध्ये विरघळवून सोडिअम टंगस्टेट काढता येतं, उद्योगात ते करतातही. पण ती क्रिया जोरात उष्णता सोडते आणि हाताबाहेर जाऊ शकते, शिवाय कोबाल्टची धूळ फुफ्फुसाला घातक. ते बाजूला ठेवून शुद्ध रसायन विकत घेतलं गेलं. वखराच्या पाशीवर थेट कार्बाइडचा थर चढवण्याची दुसऱ्या गटाची कल्पनाही इथेच थांबली. ८५० अंशांच्या क्षारात तासन्‌तास राहिलेल्या पोलादाचं पाणी उतरतं. थर बसला तरी खालची पास मऊ पडलेली. शिवाय उघडं पोलाद त्या क्षारात स्वतःच खाल्लं जातं. आधी पूड, थर नंतर कधीतरी, असं ठरलं.

मांडणी

वरून तोंड असलेली उभी भट्टी नागपूरहून बनवून आणली. चिनी मातीची मूस घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं, कारण वितळलेलं कार्बोनेट सिलिकाला खातं, काच बनते ती याच क्रियेने. अॅल्युमिनाची मूस घेतली. तीही हळूहळू झिजते, पण काही फेऱ्या टिकते. कॅथोड निकेलच्या पट्टीचा, सुमारे १० चौरस सेंटिमीटर बुडेल इतका. अॅनोडसाठी वेल्डिंगच्या दुकानातले गाउजिंगचे (धातू कोरायचे) कार्बन रॉड; त्यांच्यावर तांब्याचा मुलामा असतो, तो नायट्रिक अॅसिडने काढला. वीजपुरवठा मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो साधा डीसी सप्लाय. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत एकट्या कॅथोडचं व्होल्टेज मोजता येतं तो) नव्हता, म्हणून व्होल्टेजऐवजी विद्युतप्रवाह स्थिर ठेवायचा निर्णय झाला. दोन इलेक्ट्रोडांमधल्या व्होल्टेजवरून कॅथोडवर काय चाललंय ते कळत नाही. प्रवाह आणि वेळ मात्र मोजता येतात आणि फॅरडेचा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे.

दोन गोष्टी मी मुलांकडून तोंडपाठ करून घेतल्या. बाटलीतलं सोडिअम टंगस्टेट पाण्याच्या दोन रेणूंसह येतं. वजनाचा जवळजवळ ११ टक्के भाग पाण्याचा. ते न वाळवता तोललं तर १० टक्के ठरवलेलं कार्बोनेट ११ होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे वितळताना फसफसून उडतं. दुसरी : ओला चिमटा, ओला रॉड, घामाचा थेंब, काहीही वितळलेल्या क्षारात जाता कामा नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि क्षार तोंडावर येतो. भट्टीजवळ पाण्याची बादली ठेवायची नाही, कोरडी रेती ठेवायची. काम नोव्हेंबरनंतर सुरू केलं. पावसाळ्यात धानपट्ट्यातली हवा कपाटातलं रसायनही ओलं करते, आणि मे महिन्यात त्या खोलीत भट्टी लावणं म्हणजे माणसांची परीक्षा.

पहिला निर्णयबिंदू : लाइन गेली तेव्हा

पहिल्या फेरीतच, प्रवाह सुरू होऊन तासभर झाला असताना लाइन गेली. डीसी सप्लाय इन्व्हर्टरवर होता, तो चालूच राहिला. भट्टी थंड व्हायला लागली. प्रयोगशाळा परिचर भाऊ म्हणाले, "सर, सप्लाय चालू हाय ना, मंग राहू द्या, लाइन येईनच." विद्यार्थी दोन तटांत. एकाचं म्हणणं प्रवाह चालू ठेवावा, दुसऱ्याचं म्हणणं प्रवाह बंद करून कॅथोड तसाच क्षारात ठेवावा आणि वाट पाहावी.

दोन्ही चालणारं नव्हतं. तापमान उतरतं तसं कॅथोडवर सुटणाऱ्या पदार्थांचं प्रमाण बदलतं, म्हणजे त्याच पुडीत दोन वेगळ्या परिस्थितींतला माल मिसळतो. आणि प्रवाह बंद करून कॅथोड आत ठेवला तर बसलेला थर क्षारातच परत ऑक्सिडाइज होऊन विरघळू लागतो. तिसरी भीती अशी की ६९८ अंशांच्या खाली क्षार गोठला तर इलेक्ट्रोड त्यात अडकतात, आणि परत तापवताना तळाचा क्षार आधी वितळून फुगतो आणि वरच्या घट्ट झाकणामुळे मूस फुटते.

मार्गदर्शक सरांनी दोन्ही इलेक्ट्रोड उचलायला लावले. ती फेरी अर्धीच राहिली, पण मूस वाचली. त्यानंतर एक लेखी नियम झाला : लाइन गेली की प्रवाह चालू असतानाच कॅथोड वर घ्यायचा, मग सप्लाय बंद, वेळ, तापमान आणि तोपर्यंतचे अँपिअर-तास वहीत. जनरेटर भाड्याने आणायचाही विचार झाला. पण काही किलोवॉटची भट्टी तासन्‌तास चालवायचं डिझेल प्रकल्पाच्या रकमेत बसत नव्हतं. गावठाण फीडरचं भारनियमनाचं वेळापत्रक पाहून फेऱ्या लावल्या गेल्या. कंटाळवाणा पण बरोबर उपाय.

दुसरा निर्णयबिंदू : धुणं

कॅथोडवर क्षारात लडबडलेलं काळं कवच आलं. ते धुवायला मुलांनी सवयीने उकळतं पाणी घेतलं. सोडिअम टंगस्टेट गार पाण्यातही सहज विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये ७० ग्रॅमच्या वर. लिथिअम कार्बोनेटचं मात्र उलटं आहे. २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये १.३ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ०.७ ग्रॅम. म्हणजे गरम पाणी जे धुवायचं तेच मागे ठेवत होतं.

उरलेलं कार्बोनेट काढायला एकाने विरल हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकलं आणि बीकरमध्ये पिवळा साका आला. कार्बाइड बिघडलं असं वाटून ती पूड फेकायची तयारी झाली होती. प्रत्यक्षात टंगस्टेट पूर्ण धुतलं गेलेलं नव्हतं. अॅसिडने त्याचं टंगस्टिक अॅसिड झालं, ते पिवळं असतं. ते अल्कलीत विरघळतं. विरल सोडिअम हायड्रॉक्साइडने धुतल्यावर पिवळा भाग गेला, काळी पूड राहिली. पुढे क्रम ठरला : गार पाणी भरपूर, निथळलेल्या पाण्यात अॅसिडचा थेंब टाकून पिवळं येत नाही याची खात्री, मग विरल अॅसिड, मग विरल अल्कली, पुन्हा पाणी. पूड वाळवायची कमी तापमानाला, कारण बारीक कार्बाइड गरम हवेत ऑक्सिडाइज होतं.

तिसरा निर्णयबिंदू : वजनाने काय सिद्ध होतं

इथे प्रकरण खरं रंगतं.

एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी (क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात त्यावरून स्फटिकाची रचना ओळखण्याच्या तपासणीसाठी) नमुना नागपूरला पाठवावा लागतो, पैसे लागतात, आठवडे जातात. तोवर विभागात काय करता येईल? मार्गदर्शक सरांनी सुंदर युक्ती काढली. पूड हवेत ८०० अंशांपर्यंत तापवली की सगळा टंगस्टन ऑक्साइड होतो आणि कार्बन उडून जातो. शुद्ध टंगस्टन धातू असेल तर वजन २६.१ टक्के वाढेल. दोनास-एक कार्बाइड, म्हणजे टंगस्टनचे दोन अणू आणि कार्बनचा एक, असेल तर २२.१ टक्के, एकास-एक कार्बाइड असेल तर १८.४ टक्के. लागतात फक्त मफल भट्टी आणि चांगला तराजू, आणि दोन्ही विभागात होते.

आकडा आला १८ च्या जवळ. विभागात आनंद झाला. पोस्टरचा मसुदा लिहायला घेतला गेला, ज्यात एकास-एक टंगस्टन कार्बाइड मिळाल्याचं स्पष्ट विधान होतं. डिफ्रॅक्शनचे पैसे वाचवून ते दुसऱ्या मुशीवर खर्च करावेत का, असा प्रश्न माझ्याकडे आला.

मी नमुना पाठवायला सांगितलं. कारण असं की टंगस्टन धातूची पूड आणि सुटा कार्बन एका अणूला एक अणू या प्रमाणात नुसते शेजारी पडलेले असतील तरी वजनवाढ हुबेहूब १८.४ टक्केच येते. तराजूला एकूण किती टंगस्टन आणि किती कार्बन एवढंच दिसतं. ते एकमेकांशी जोडले गेलेत की नाही हे स्फटिकाची रचनाच सांगते.

निकाल आला. तांब्याच्या क्ष-किरणांवर एकास-एक कार्बाइडच्या रेषा ३१.५, ३५.६ आणि ४८.३ अंशांच्या कोनांजवळ यायला हव्यात. त्या जागा जवळजवळ सपाट होत्या. ३९.६ ला ठळक रेषा, सोबत ३४.५ आणि ३८.० : दोनास-एक कार्बाइड. ४०.३ ला धातूचाही अंश. मग उरलेला कार्बन कुठे होता? अस्फटिक कार्बन डिफ्रॅक्शनमध्ये नीट दिसत नाही. त्याचा एक स्रोत कॅथोडवर सुटून न जुळलेला कार्बन, आणि दुसरा जास्त साधा : अॅनोडचे झडलेले कण. वितळलेलं टंगस्टेट ग्रॅफाइटपेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे हे कण पृष्ठभागावर तरंगतात, आणि कॅथोड वर काढताना त्याच थरातून येतो.

पोस्टर बदललं गेलं. नव्या मसुद्यात लिहिलं की उत्पादन मुख्यतः दोनास-एक कार्बाइड आहे, सोबत टंगस्टन आणि सुटा कार्बन. विद्यार्थ्यांना ते जड गेलं, तरी त्यांनी ते स्वतः लिहिलं.

शेवटच्या फेऱ्या आणि निष्पत्ती

कार्बनचं प्रमाण वाढवायला दोन मार्ग होते. कार्बोनेट वाढवायचं, किंवा क्षारावर कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पहिल्यात धोका असा की एका मर्यादेपुढे कॅथोडवर नुसती काजळी येते. दुसऱ्यात मुळाशी हात घातला जातो : प्रत्येक क्षपणात ऑक्साइड आयन मोकळे होतात, ते साचले की क्षार अल्कधर्मी होत जातो आणि टंगस्टेटचं क्षपण अवघड होतं, कार्बन डायऑक्साइड त्या ऑक्साइडला पकडून परत कार्बोनेट करतो. सिलिंडर गावातच मिळाला, सीओटू वेल्डिंगवाल्याकडे. खिडक्या उघड्या ठेवून, वायू सिलिका जेलमधून वाळवून, मंद धारेने सोडला. अॅनोडभोवती अॅल्युमिनाची नळी बसवली, म्हणजे कण आतच राहतील.

नंतरच्या नमुन्यात ३५.६ आणि ४८.३ च्या रेषा उगवल्या. दोनास-एक कार्बाइड गेलं नाही, पण एकास-एक आलं. मिळालेली पूड फॅरडेच्या हिशोबाच्या निम्म्याच्या आसपास होती. बाकीचा प्रवाह कुठे गेला याचं पूर्ण उत्तर विभागाकडे नाही. काही पूड कॅथोडवरून सुटून तळाशी बसली होती, हे मूस रिकामी करताना दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी ब्राँझ करायला हवा होता. सोडिअम टंगस्टेट आणि टंगस्टन ऑक्साइड, साधारण ७५० अंश, उघडी हवा, कार्बन डायऑक्साइडची भानगड नाही, आणि निकाल डोळ्यांना दिसतो. जाळीत सोडिअम भरपूर असेल तर स्फटिक सोनेरी, थोडा कमी झाला की नारिंगी-तांबडे, आणखी कमी झाला की जांभळे आणि मग गडद निळे. क्षारातलं ऑक्साइडचं प्रमाण वाढवलं की रंग निळ्याकडे सरकतो. क्षाराची घडण बदलली की उत्पादन बदलतं, ही या विषयाची मूळ गोष्ट नागपूरला नमुना न पाठवता समजली असती, आणि भट्टी, धुणं, लाइन जाणं या सगळ्यांचा सराव स्वस्तात झाला असता. आता विभागाने ब्राँझ प्रात्यक्षिकात घेतला आहे.

डिफ्रॅक्शनचे पैसे सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच वेगळे ठेवायला हवे होते, अगदी एक मूस कमी घेऊन. आणि अॅनोडची नळी पहिल्या दिवसापासून असती तर सुट्या कार्बनचा एक स्रोत आधीच मिटला असता.

एका बाबतीत मात्र मी विभागाच्या निर्णयाशी सहमत नाही. कुहीच्या खनिजाचा नमुना मिळवून त्यातून टंगस्टेट काढण्याचा प्रयत्न "प्रकल्पाच्या कक्षेबाहेर" म्हणून सोडून दिला गेला. कमी प्रतीच्या खनिजातून व्यापार होणार नाही हे खरं, पण शीलाइट (कॅल्शिअम टंगस्टेटचं खनिज) अॅसिडने उकळून त्यातून टंगस्टिक अॅसिड काढणं आणि ते अल्कलीत घेऊन टंगस्टेट करणं हे पदवीच्या रसायनात बसतं. पिवळ्या साक्याचं रसायन तर मुलं धुताना शिकलेलीच होती. पुढच्या वर्षीच्या गटासमोर हा विषय ठेवला आहे. नमुना मिळवण्यासाठी रीतसर परवानगी लागेल आणि अर्ज विद्यार्थ्यांनीच लिहायला घेतला आहे.